पावण्यांची खुर्ची

सविताचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात बसले होते. समोर पडद्यावर कसलेसे रंगीत तक्ते सरकत होते आणि माझं निम्मं लक्ष दुपारच्या जेवणाकडं होतं. फोन थरथरला, नाव दिसलं, आणि मी बाहेर आले. सविता रडत नव्हती. म्हणाली, "शोभाताई, अव्वा गेली. सकाळी च्या घेतला, कप खाली ठिवला आन् गेली." मग तिनंच विचारलं, "गुरुजींची खुर्ची हाय न्हवं, ती घेऊ काय?" मी म्हणाले, "अगं, विचारतेस काय, घे की." खुर्ची कशाला हवीय ते त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं नाही. कोल्हापूरची एसटी मिळाली, खिडकीशी जागाही मिळाली. हातकणंगले मागं पडल्यावर कुठंतरी मला रडू आलं आणि शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

अव्वा म्हणजे हौसाक्का. सविताची आई आणि आमची जुनी शेजारीण. पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या आमच्या गल्लीत तिचं घर आणि आमचं घर समोरासमोर होतं, मधे एक मोरी. आम्ही बौद्ध, ते लिंगायत. मोरी ओलांडायला मात्र कुणाला कधी अडचण वाटली नाही, पावसाळा सोडून. तिचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावात. घरात कानडी, दारात मराठी, आणि भांडायचं असलं तर दोन्ही. तिचा नवरा शिवाप्पा मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे जडच्या जड ढेपा, उचलायची हमाली करायचा, ती एका खानावळीसाठी भाकऱ्या बडवायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलायची, आणि आवाज असा, की तिनं कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला ऐकू जावं.

आता खुर्चीचं सांगते. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. शाळेच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून त्यांनी एक लाकडी हातांची, वेताच्या बैठकीची खुर्ची घरी आणली होती. एक पाय किंचित आखूड, त्याखाली दुमडलेला पुठ्ठा. आजोबांना गावात कुणी कधी खुर्ची दिली नव्हती. ते बोलायला गेले की पायरीखाली उभे राहायचे. त्यामुळं बाबांना त्या खुर्चीचं फार होतं. पण जपून ठेवायचं असं नाही, उलट कुणीही आलं की आधी खुर्चीत बसवायचं. गल्लीत तेव्हा दुसरी धड खुर्ची नव्हती. कुणाची मुलगी बघायला लोक आले, डॉक्टर आले, शाळेतले साहेब आले की ती खुर्ची त्या घरी जायची. हौसाक्का तर ती सरळ डोक्यावर घेऊन जायची. आम्ही बघत असू, खुर्चीचे पाय वर आणि तिचे पाय खाली. दारात नेऊन ठेवली की पदरानं बैठक पुसायची, एकदा पुसून झाली की पुन्हा पुसायची, आणि मग म्हणायची, "बसा, पावणं." स्वतः त्या खुर्चीत ती कधीही बसली नाही. मी एकदा लहानपणी विचारलं तर म्हणाली, "मी कुठं पावणी हाय?"

मी शाळेत होते तेव्हा सरकारनं गरीब घरांची पाहणी काढली. कुणाचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत घालायचं आणि कुणाला पिवळं रेशनकार्ड द्यायचं, ते त्यावर ठरणार होतं. पिवळं कार्ड म्हणजे स्वस्त धान्य, दवाखान्यात सवलत, पुढं घराच्या योजनेत नंबर… गरिबाच्या घरात ते कार्ड असणं आणि नसणं यात फार फरक पडतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. गल्लीतल्या शहाण्यांना बरोबर कळत होतं. पाहणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाळूअण्णांनी आपला टीव्ही बहिणीकडं पोचवला, कुणी सायकल माळ्यावर चढवली, कुणी पोरांना फाटके सदरे घातले. आणि हौसाक्कानं काय केलं? तिनं आमच्याकडून खुर्ची नेली. बाळूअण्णांना पंखा लपवायला जागा हवी होती, तो तिनं आनंदानं आपल्या घरी आणून लावला. भिंतीला नवी चादर ठोकली. आईकडून हरभऱ्याची डाळ उसनी घेतली आणि सकाळपासून पुरण शिजायला घातलं. का, तर सरकारी पावणं येणार.

बाबा मोरीच्या अलीकडून तिला समजावत होते. "हौसाक्का, ते पाहुणे नव्हेत. तुमच्या घरात काय आहे नि काय नाही ते मोजायला येतायत."

"मोजू द्यात की गुरुजी. मोजाय आलेला मानूस बी भुकेलाच असतोय."

आला तो माणूस खरोखरच भुकेला होता. उन्हानं लाल झालेला, काखेत पॅड, मागं एक शिपाई. हौसाक्कानं खुर्ची पुसली, पंखा लावला, पाटावर ताट मांडलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. आम्ही पोरं दारात उभी. तो बिचारा खाता खाता विचारत होता आणि शिपाई लिहून घेत होता. घरात पंखा? "हाय की, वारं लागंना व्हय?" खुर्ची? "बसलायसा त्येच्यावर." अंगभर कपडे? यावर ती एवढी हसली की त्यानंच पुढचा प्रश्न घेतला. दोन वेळचं जेवण मिळतं का? आता मला सांगा, पाहुण्याच्या ताटात पोळी वाढता वाढता, दारात अख्खी गल्ली उभी असताना, कुठल्या बाईनं 'नाही' म्हणावं? हौसाक्का म्हणाली, "न मिळाय काय झालंय? पावणं आलं तरी मिळतंय." जाताना तो हात धुऊन म्हणाला, "ताई, तुमचं बरं चाललंय." त्या संध्याकाळी ती मोरीवर भांडी घासत प्रत्येकाला सांगत होती, सरकारी पावणं म्हनला, बरं चाललंय.

यादी वॉर्डातल्या कचेरीच्या फळ्यावर लागली. बाळूअण्णांचं नाव होतं. हौसाक्काचं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी शिवाप्पाच्या पाठीवर रवा पडला आणि तो उठेनासा झाला. दवाखान्यात आधी विचारलं ते कार्डच. हिच्याकडं केशरी. पिवळं असतं तर बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या असत्या, असं तिथल्या बाईंनी हळहळून सांगितलं. तिच्या कानातली फुलं गेली, मग दारातली शेळी गेली, मग सविताची शाळा सुटली आणि ती आईबरोबर भाकऱ्या बडवायला लागली. शिवाप्पा फार थट्टेखोर माणूस. अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायचा, "हौसा, त्या दिवशी पोळ्या केल्या नसत्यास तर आज मी पिवळ्या कार्डाच्या खाटंवर झोपलो असतो." आणि ही म्हणायची, "मग काय पावण्याला दगडं घालू खायाला?" दोघंही हसायची. पण मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा शिवाप्पा झोपलेला होता आणि ती चुलीपुढं नुसती बसून होती. हातात परात, परातीत पीठ, आणि हात थांबलेले… मी हाक मारली तशी लगबगीनं पीठ मळायला लागली. शिवाप्पा त्याच पावसाळ्यात गेला.

बाबांच्या मनाला ती गोष्ट फार लागली. "माझी खुर्ची तिला महागात पडली," असं ते म्हणायचे. पुढं आम्ही कळंब्याकडं फ्लॅट घेतला आणि सामान हलवायची वेळ आली, तेव्हा आईनं खुर्ची टेम्पोत चढवायला काढली. बाबांनी ती उचलली आणि मोरी ओलांडून हौसाक्काच्या दारात नेऊन ठेवली. "तुझ्याकडं पाहुणे जास्त येतात," एवढंच म्हणाले. हौसाक्कानं नको नको म्हणून पाहिलं, मग डोळे पुसले, आणि त्याच पदरानं खुर्चीही पुसली.

महापूर आला त्या वर्षी मला वाटलं होतं, आता तरी ही बाई शहाणी होईल. पाणी गल्लीत शिरलं, सगळे शाळेत हलवले गेले. पाणी उतरलं तेव्हा गुडघाभर गाळ. सरकारनं जाहीर केलं, तलाठी पंचनामा करतील, नुकसान बघून मदत मिळेल. गल्लीनं गाळ तसाच ठेवला. बाळूअण्णा तर आपल्या घरातल्या चिखलावर पहारा देत होते, कुणी पाय दिला तरी ओरडायचे. मी बघायला गेले, तर हौसाक्काच्या घरात चिखल नावालाही नाही. तिनं तो उपसला, फरशी घासली, भिंतीवरची पाण्याची रेघ चुन्यानं पुसून काढली, आणि उंबऱ्यापुढं रांगोळी घातली होती. खुर्ची उन्हात वाळवून दारात मांडलेली.

तलाठी तरुण होता आणि भला होता. दारात उभा राहून तो चक्रावलाच. "आजी, हितं पाणी आलंतं काय?"

"आलंतं की. गेलं."

"मग खूण कुठाय?"

"घाण ठिवू व्हय दारात? तुमी येनार म्हणून तर काढलो."

मागून बाळूअण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. पण इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या चिखलातून उठून तेच बाळूअण्णा पुढं आले आणि तलाठ्याला म्हणाले, "साहेब, हिच्या घरात माझ्यापेक्षा जास्त पानी हुतं. मी सांगतो, लिवा." आणखी चारचौघांनी साक्ष दिली. नाव पहिल्या यादीत आलं नाही, मागाहून कधीतरी आलं. हौसाक्काला त्याचं काही नव्हतं. तलाठी खुर्चीत बसला नाही, चहासुद्धा न घेता गेला, याची मात्र तिला फार रुखरुख लागून राहिली. मी चिडले होते. घरी गेल्यावर, जेवताना मी नवऱ्याला तेच ऐकवत होते, की या बाईला तिचं तिलाच कळत नाही.

चिडून झाल्यावर मात्र विचार केला. आपल्याकडं गरिबाला मदत मिळण्याआधी गरिबी दाखवून द्यावी लागते. चारचौघांत, परक्या माणसाला, मोठ्यानं. ज्यांना दाखवता येते त्यांचं चालून जातं. त्यांना मी नावं ठेवत नाही. बाळूअण्णांनी टीव्ही लपवला तेव्हा त्यांच्याही घरी चार तोंडं खाणारी होती. योजना वाईट असतात असंही मला म्हणायचं नाही. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं रेशनच्या तांदळावर वाढलेली मी पाहिली आहेत. पण यादी करणारा माणूस दारात येतो, आणि आपल्याकडं दारात येणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणतात, ही एवढी साधी गोष्ट यादी करणाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही? पाहुण्याला कुणी घरातलं उणं सांगतं का?

सविताचं लग्न इचलकरंजीत झालं. जावई यंत्रमागावर कामाला, त्यांचंच कसंबसं चाललेलं. खानावळ बंद पडली, हौसाक्काचे हातही चालेनात. मी अधूनमधून जायची. मी न्यायची ते ती घ्यायची, पण लगेच उलट काहीतरी माझ्या पिशवीत घालायची. शेंगदाण्याची चटणी, दोन लिंबं, काहीच नसलं तर दारातला कढीपत्ता. निराधारांना सरकारकडून महिन्याला पगार मिळतो, तो तिनं घ्यावा म्हणून मी मागं लागले होते. तिचा एकच हेका. "निराधार म्हंजे ज्येला कोन न्हाय ती. मला अख्खी गल्ली हाय की." मी म्हणायची, अगं ते नुसतं नाव आहे योजनेचं. ती म्हणायची, "नाव असू दे. मी सही करनार न्हाय." त्यावर आमची भांडणं व्हायची, कडकडून. मी तरातरा निघून यायची आणि घरी आल्यावर पिशवीत कढीपत्ता सापडायचा.

मग एका उन्हाळ्यात आम्हा महापालिकेच्या शिक्षकांनाच घरोघरच्या पाहणीचं काम लागलं. हातात मोबाइल, त्यात प्रश्न. यावरून धान्याची आणि निराधार पगाराची नावं पक्की होणार, असं आम्हाला सांगितलं होतं. मी आमची जुनी गल्ली मागून घेतली. हौसाक्कासाठीच, ते लपवत नाही.

मी पोचले तर दारात खुर्ची मांडलेली. हौसाक्का वाकून गेलेली, पण मला बघताच पदर काढला आणि बैठक पुसली. "बसा बाई," म्हणाली. एरवी मला 'शोभे' आणि 'पोरी' म्हणणारी ही बाई त्या दिवशी मला अहो-जाहो करत होती, कारण मी सरकारी पावणं होते. मी बसले. चहा आला, बशी-कपातून, दुधाचा. मी विचारत गेले आणि ती ठासून उत्तरं देत गेली. घर स्वतःचं? "व्हय." कमावतं कोण? "मी हाय की." दोन वेळचं जेवण मिळतं का? तेच वाक्य, इतक्या वर्षांनी, शब्दालाही धक्का न लागता. "न मिळाय काय झालंय?"

माझं बोट मोबाइलवर थांबलं. 'होय' दाबलं की संपलं. 'नाही' दाबायचं तर तिनं ते सांगायला हवं होतं. मी तिच्याकडं पाहिलं. वर मान करून बसलेली, जमिनीवर, माझ्या पायाशी. आणि मला एकदम उमजलं, की मी या खुर्चीत बसलेय तोवर ही बाई मला खरं सांगायची नाही. मी मोबाइल खुर्चीवर ठेवला, उठले, आणि सरळ आत चुलीकडं गेले. दुसऱ्याच्या घरातले डबे पाहुणा उघडत नाही, ते घरचं माणूस उघडतं. मी पिठाचा डबा उघडला. तळाला थोडं ज्वारीचं पीठ होतं. तांदळाचा उघडला. डाळीचा उघडला. दुधाच्या पातेल्यात होतं नव्हतं ते माझ्या चहाला लागलं होतं. ती मागून आली आणि दाराला धरून उभी राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही.

मी चुलीपुढं फतकल मारून बसले आणि लहानपणी विचारायची तसं विचारलं, "हौसाक्का, काल सांजच्याला काय खाल्लंस?"

तिनं पिठाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आंबील."

"आणि परवा?"

"परवा बी आंबीलच की…"

"त्याच्या आधी?"

"आता आनि किती मागं जातीस, शोभे?" असं म्हणून ती माझ्याशेजारी खाली बसली. 'अहो' गेलं होतं. आंबील म्हणजे पिठाचं पातळ पाणी. दुपारी अर्धी भाकरी आणि रात्री ते, असं किती दिवसांपासून चाललं होतं ते मी विचारलं नाही. तिनं माझा हात धरला. तिचे हात भाकऱ्या बडवून इतके घट्ट झाले होते, की ते माझ्या बोटांना रुतले. "मी कुनाला सांगितलो न्हाय हे," ती म्हणाली. "सवीला बी न्हाय. तू इच्यारलीस म्हणून."

मी म्हणाले, "मग लिहू?"

"लिव. पर एक हाय." तिनं डोळे पुसले आणि आवाज पूर्ववत चढला. "हौसाक्कानं सरकारला च्या बी न देता धाडलं, असं हुता कामा नये. च्या दिला म्हणून बी लिव."

मोबाइलमध्ये तसा प्रश्न नव्हता. मी तिला तसं सांगितलं. तिला ते पटलं नाही. सरकारला एवढं सगळं विचारता येतंय, पंखा हाय का, शेळी हाय का, मग च्या मिळाला का एवढं इच्यारता येत न्हाय व्हय, असं म्हणत ती उठली आणि त्या उरलेल्या पिठाची भाकरी थापायला बसली. मला न जेवता जाऊ देणार नव्हती. 'दोन वेळचं जेवण मिळत नाही' असं लिहून मी त्याच घरात जेवले. अर्धी भाकरी मी तिच्या ताटात ठेवली, ती तिनं मुकाट्यानं खाल्ली. तिनं माझं एवढं कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

पगार चालू झाला. कागदांना वेळ लागला, कचेरीत खेपा झाल्या, पण झाला. सहीसुद्धा केली तिनं. निराधार या शब्दावर तिनं स्वतःच तोड काढली होती. "इतकी वर्सं आमी सरकारला च्या पाजलो, आता त्येंची पाळी. ह्यो पगार न्हाय, पावनचार हाय," असं ती गल्लीला ऐकवायची. सांजेला तिच्या घरातून पुन्हा फोडणीचा वास यायला लागला, असं बाळूअण्णांच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. मला इतका आनंद झाला की सगळ्यांना चहा मागवला, आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

दरवर्षी हयात असल्याचं दाखवायला कचेरीत जावं लागायचं. मी तिला रिक्षानं घेऊन जायची. त्या दिवशी ती ठेवणीतलं इरकल नेसायची, हिरवं, लाल काठाचं, लग्नातलं. कपाळाला विभूती, केसाला तेल. एकदा टेबलामागचा माणूस हसून म्हणाला, "आजी, पगार निराधारचा आणि लुगडं इरकलचं?" माझं डोकं फिरलं, मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "जित्ता हाय म्हणून दावायचं न्हवं? मग जित्त्यावानी याला नगं?" तो माणूस ओशाळला. उठून त्यानं तिला स्वतःची खुर्ची दिली. ती बसली नाही. "बसा तुमी, तुमचं काम हाय," म्हणाली आणि उभ्यानंच यंत्रावर अंगठा टेकवला.

शेवटची भेट झाली ती तिच्या घरी, सविता काही दिवसांसाठी आलेली असताना. हौसाक्का थकली होती, बोलणं कमी झालं होतं. पण मी उंबऱ्यात दिसले तशी धडपडत उठायला लागली, खुर्ची पुसायला. मी म्हणाले, "मी घरची आहे, खाली बसते." तेव्हा खाली बसू दिलं तिनं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. पिशवीत कढीपत्ता घालायला विसरली नाही…

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. खुर्ची घेऊन जा, गुरुजींची आठवण हाय, असं घर आवरायला अजून तिथंच राहिलेली सविता म्हणते. मी आणलेली नाही. ती त्याच घरात आहे, दाराशेजारच्या कोपऱ्यात, आखूड पायाखाली नवा पुठ्ठा घालून. बाबा असते तरी तिथंच ठेवा म्हणाले असते. परवा गेले तर एक बाई कसल्याशा सर्वेक्षणाला आल्या होत्या आणि सविता त्यांना चहा विचारत होती.

पण मला सारखा आठवतो तो जयसिंगपूरहून आलेला दिवस. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि खाली उतरत गेले. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसवूनच मातीत नेतात. मला हे माहीत होतं, शिवाप्पाच्या वेळी पाहिलं होतं. त्याला भिंतीशी पाटावर बसवलं होतं. फोनवर सविता काय विचारत होती ते मला मोरीपाशी आल्यावर कळलं. अंघोळ घालून, हिरवं इरकल नेसवून, विभूती लावून बायकांनी हौसाक्काला आतून उचलून दाराशी आणलं होतं. बाळूअण्णांनी खुर्ची धरून ठेवली होती, हलू नये म्हणून. सगळे थांबले होते. सवितानं पदर काढला, वेताची बैठक पुसली, एकदा पुसून झाली तशी पुन्हा पुसली.

"बस, अव्वा," ती म्हणाली.